पायाची सूज, पायाची चरबी आणि बाईचे हार्मोन

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण, छापण्यासाठी थोडं वाढवून)

गटाच्या मासिक बैठकीत हप्ते, व्याज, ठराव आटोपले की चहाच्या वेळी तब्येतीच्या गोष्टी निघतात. यंदा आम्ही ज्या ज्या गावात बैठकीला गेलो तिथं एक विषय हमखास निघाला, तो म्हणजे पाय. कोणाचा पाय सुजतो, कोणाच्या मांड्या दुखतात, कोणाला लग्नातले पैंजण चढत नाहीत. आणि दरवेळी गटातलीच कोणीतरी दोनपैकी एक निकाल देऊन मोकळी होते. एक म्हणजे "हत्तीपाय झाला वाटतं". दुसरा म्हणजे "खाणं कमी कर जरा".

हे दोन्ही निकाल बाईला महागात पडतात. पहिला ऐकला की ती पाय लुगड्याखाली लपवते. घरात लग्नाची मुलगी असेल तर दवाखान्यात जायचंही टाळतात, गावात बोभाटा नको म्हणून. दुसरा ऐकला की ती रात्रीचं जेवण सोडते. अंगातलं रक्त कमी होतं, गाल बसतात, आणि पाय होते तसेच राहतात. म्हणून आम्ही सगळ्या समन्वयक मिळून हा विषय नीट समजून घ्यायला डॉक्टरबाईंकडे बसलो. तिथं जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

दोन आजार आहेत. एकाचं नाव लिम्फिडिमा, दुसऱ्याचं लिपिडिमा. नावं जुळ्या बहिणींसारखी, पण स्वभाव पार वेगळे. पहिल्यात पाणी साचतं, दुसऱ्यात चरबी साचते. दोन्ही बायकांमध्ये दिसतात आणि दोन्हींशी आपल्या अंगातल्या हार्मोनचा संबंध येतो, पण सारखा नाही. एकात हार्मोन मुळाशी आहेत असं डॉक्टरांना वाटतं, दुसऱ्यात ते नुसती भर घालतात. हा फरक कळला की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी पाण्याचं बघू. धानाच्या बांधीत पाणी कसं खेळतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तलावाचं पाणी पाटानं येतं, बांधीत पसरतं, आणि जास्तीचं पाणी बांधाला तोंड करून काढून द्यावं लागतं. शरीराचंही तसंच आहे. हृदय रक्त ढकलतं, ते बारीक बारीक नसांमधून पायापर्यंत पोचतं आणि त्यातलं थोडं पाणी नसांबाहेर पाझरतं. त्या पाण्यातून अंगाला अन्न मिळतं. उरलेलं पाणी आणि त्यातला कचरा परत रक्तात नेऊन सोडायला वेगळ्या नळ्या असतात. त्यांना लसीका वाहिन्या म्हणतात, आणि त्यातल्या पाण्याला लसीका किंवा लिम्फ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, त्या गाठी या नळ्यांच्याच वाटेवर असतात. पाणी तिथं गाळलं जातं. अशाच गाठी काखेत आणि मानेतही आहेत.

या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. त्या स्वतःच हळूहळू आवळतात आणि सुटतात. शिवाय आपण चाललो, पोटरी हलली, खोल श्वास घेतला की पाणी वर सरकतं. नळ्या तुंबल्या, तुटल्या किंवा जन्मापासूनच कमी असल्या तर पाणी साचून राहतं. त्यालाच लिम्फिडिमा म्हणायचं.

आपल्या पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, याचं ओळखीचं कारण हत्तीरोग. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, त्यातून धाग्यासारखे जंतू अंगात जातात आणि लसीका वाहिन्यांतच घर करतात. मोठे जंतू 6 ते 8 वर्षं जगतात. त्यांची पिल्लं रात्रीच रक्तात फिरतात. म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं रात्री दहानंतर रक्ताचा नमुना घ्यायला दार वाजवतात. लोक त्यावरूनही कुरकुर करतात, पण दिवसा घेतलेल्या नमुन्यात जंतू सहसा सापडतच नाहीत. जंतू मेले तरी नळ्यांचं नुकसान तसंच राहतं. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. बायकांमध्ये पाय सुजतो, कधी हात, कधी स्तनसुद्धा.

पण प्रत्येक सुजलेला पाय हत्तीरोगाचा नसतो. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. बाईला ते आधी बांगडीवरून कळतं, एका हातात सैल आणि दुसऱ्या हातात रुतलेली. आणि काही मुलींच्या लसीका वाहिन्या जन्मापासूनच कमी असतात. लहानपणी काही दिसत नाही, पण वयात येताना एका पायाचा घोटा सुजायला लागतो. हा प्रकार मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतो. अशा पोरीला शेजारणीनं हत्तीरोगाचं नाव दिलं की तिच्यामागे ते कायमचं लागतं. तपासणी करून घ्या, नाव डॉक्टरांना ठेवू द्या.

आता दुसरी बहीण, लिपिडिमा. याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. आम्हीही हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी 1940 साली त्याचं पहिलं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, त्याला स्वतःची जागा मिळाली. मधल्या ऐंशी वर्षांत किती बायकांना "तुम्ही खाता फार" असं सांगून घरी पाठवलं असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार!

यात कमरेखाली, मांड्यांवर, गुडघ्यांच्या आत आणि पोटऱ्यांवर चरबी साठत जाते. दोन्ही पायांवर सारखी. काहींच्या दंडांवरही. ही चरबी साध्या लठ्ठपणाच्या चरबीसारखी वागत नाही. ती दुखते. मूल मांडीवर बसलं, कोणी दाबलं तरी कळ येते. कशाला तरी नुसता धक्का लागला की काळेनिळे डाग पडतात आणि बाईला आठवतही नाही कुठं लागलं ते. आणि मोठी गोष्ट म्हणजे, खाणं कमी केलं की तोंड उतरतं, गळ्याची हाडं दिसतात, कंबर बारीक होते, पण पाय जवळजवळ तेवढेच राहतात. शिवणकाम करणाऱ्या आमच्या एका ताईनं हे सगळ्यात आधी ओळखलं. त्या म्हणाल्या, "एका मुलीचा सलवार कमरेत दोनदा आत घेतला, मांडीत मात्र दोनदा सोडला." तिची आईही तशीच, आत्याही तशीच. हा आजार घराण्यात चालतो.

दोन्हींतला फरक ओळखायला आपल्याकडे दोन दागिने आहेत, जोडवी आणि पैंजण. डॉक्टरबाईंनी पाऊल, बोटं, घोटा असं समजावलं, पण बैठकीत बायकांनीच त्याला दागिन्यांची नावं दिली, आणि ती डोक्यात पक्की बसतात.

लिपिडिमात पाऊल सुटतं. म्हणजे चरबी घोट्यापर्यंत येते आणि तिथं थांबते, जणू पैंजणावर वळी ठेवली आहे. खालचं पाऊल मात्र बारीक, जोडवी लग्नात होती तशीच सैल. लिम्फिडिमात पाऊलही सुजतं. बहुतेक वेळा एकाच पायाचं, किंवा एकाचं जास्त आणि दुसऱ्याचं कमी. जोडवं रुततं, काढावं लागतं. आता जोडव्याच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या अंगाला, कातडी चिमटीत धरून उचलून बघा. सहज उचलली गेली तर ठीक. जाड होऊन चिमटीतच येत नसेल तर ती लसीकेची सूज असण्याची दाट शक्यता. सुरुवातीच्या दिवसांत मात्र लिम्फिडिमा असूनही कातडी उचलली जाते, तेव्हा एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. नडगीवर अंगठा दाबून सावकाश दहा आकडे मोजा. खड्डा पडून तसाच राहिला तर आत पाणी आहे. लिपिडिमात सहसा खड्डा पडत नाही, पण दाबताना दुखतं. रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं की पाण्याची नवी सूज सकाळी उतरलेली दिसते, चरबी उतरत नाही. सूज फार जुनी झाली की तीही कडक होते, मग खड्डाही पडत नाही आणि सकाळी उतरतही नाही. आणि लिपिडिमा फार वर्षं राहिला, वजनही वाढलं, तर त्या चरबीच्या ओझ्यानं लसीका वाहिन्या थकतात आणि मग दोन्ही आजार एकाच पायात नांदतात. अशा वेळी घरी ओळखायच्या भानगडीत पडूच नये.

आता हार्मोन. मराठीत संप्रेरकं म्हणतात, पण गावात सगळ्या हार्मोनच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. हार्मोन म्हणजे रक्तातून पाठवलेला निरोप. आपलं हे रेडिओ केंद्र एकच कार्यक्रम सगळीकडे सोडतं, पण ज्या घरात रेडिओ आहे आणि आपल्या आकड्यावर लावलेला आहे तिथंच तो ऐकू येतो. हार्मोनचंही तसंच. इस्ट्रोजेन नावाचं बाईपणाचं हार्मोन बीजकोशातून निघतं आणि अंगभर फिरतं, पण ज्या पेशींना ते ऐकण्याचं यंत्र आहे त्याच त्याचं म्हणणं ऐकतात. चरबीच्या पेशींना हे यंत्र असतं, तेही दोन तऱ्हेचं.

मुलगी वयात येते तेव्हा तिचं अंग भरतं ते नितंबावर, मांड्यांवर. मुलाचं तसं होत नाही. चरबी कुठं ठेवायची हे इस्ट्रोजेन ठरवतं. पुढं बाळंतपणात, अंगावर पाजताना ती शिदोरी उपयोगी पडावी अशी ही निसर्गाची व्यवस्था. लिपिडिमा असलेल्या बाईत मांडी-पोटरीच्या चरबीच्या पेशी हा निरोप वेगळ्या तऱ्हेनं ऐकत असाव्यात, ऐकण्याच्या त्या दोन यंत्रांचा मेळ बिघडलेला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण या अंदाजाला आधार देणाऱ्या खुणा आपल्यालाही दिसू शकतात.

पहिली खूण म्हणजे हा आजार जवळजवळ फक्त बायकांना होतो. पुरुषांत फार क्वचित दिसतो, आणि दिसला तर बहुधा ज्यांच्यात पुरुषी हार्मोन कमी पडलं आहे किंवा यकृताचा आजार आहे अशांमध्ये. दुसरी खूण त्याच्या वेळेची. तो सुरू होतो किंवा एकदम वाढतो ते पाळी सुरू होण्याच्या वयात, नाही तर गरोदरपणात, नाही तर पाळी जाण्याच्या सुमारास. तिन्ही वेळा अशा, की हार्मोनची उलथापालथ चाललेली असते.

इथं एका काकूंनी बैठकीतच प्रश्न विचारला होता. फार नेमका प्रश्न. "पाळी गेली म्हणजे ते इस्ट्रोजेन कमीच झालं ना? मग पाय कमी व्हायला हवेत, वाढतात कसे?" याचं उत्तर असं, की बीजकोश थकले तरी इस्ट्रोजेन पूर्ण बंद होत नाही. चरबी स्वतःच थोडं इस्ट्रोजेन तयार करते. बीजकोशातला मोठा निरोप बंद झाला, पण चरबीच्या आतल्या आत कुजबुज चालू राहिली. त्याच वयात ऐकण्याच्या दोन यंत्रांचं प्रमाणही बदलतं. शिवाय पाळी गेल्यावर बाईचं वजन तसंही वाढायला लागतं, स्नायू कमी होतात. हे सगळं एकाच वेळी होतं, म्हणून कोणाचं ओझं किती ते वेगळं काढता येत नाही.

आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची. पाळी आली, वर्षा-दोन वर्षांत मांड्या जाड झाल्या, दुखायला लागल्या, शाळेत पोरी चिडवतात म्हणून ती पळायची-खेळायची बंद झाली. आई म्हणते भात बंद कर. मुलगी उपाशी राहते, चक्कर येऊन पडते. या मुलीला दोन घास कमी देऊन काही होणार नाही. तिला खेळायला परत पाठवणं, रक्त तपासून घेणं आणि "यात तुझी चूक नाही" हे आईनं एकदा तोंडानं सांगणं, याचा उपयोग होईल. चरबी पूर्ण घालवणारी गोळी आज तरी नाही. म्हणून जाहिरातीतली चूर्णं, तेलं, पट्टे यांत गटाचं कर्ज घालवू नका. हो, अशा कामासाठी अंतर्गत कर्ज मागितलेलं आम्ही बघितलं आहे.

आता लिम्फिडिमात हार्मोनचा भाग किती, ते बघू. तिथं मूळ दोष नळीचा आहे. हत्तीरोगाचा जंतू हार्मोननं येत नाही, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी हार्मोननं परत येत नाहीत. पण पुन्हा बांधीकडे या. बांधाचं तोंड अर्धं बुजलेलं आहे आणि वरून पाटाला जास्त पाणी सोडलं, तर काय होईल? इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या चढउतारात शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. पाळी यायच्या आठवडाभर आधी अंगठी रुतते, स्तन जड होतात, वजन किलोभर वाढल्यासारखं वाटतं, ते याच पाण्यामुळे. नळ्या चांगल्या असलेल्या बाईचं पाणी पाळी आली की निघून जातं. नळ्या तुंबलेल्या बाईचा पाय मात्र त्या दिवसांत दगडासारखा जड होतो. शिवाय प्रोजेस्टेरॉन नसा सैल करतं, त्यामुळे वर चढायचं रक्त पायात थोडं रेंगाळतं.

म्हणून सूज आहे त्या बायकांना आम्ही एक काम सांगतो. शिवणाची टेप घ्या. घोट्याच्या हाडापासून वर चार बोटांवर आणि गुडघ्याखाली चार बोटांवर, अशा दोन ठिकाणी दोन्ही पायांची मापं घ्या. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेवर खूण करतोच आपण, त्याच्या शेजारी हे आकडे लिहा. तीन महिन्यांत कळेल की सूज पाळीबरोबर वरखाली होते, की नुसतीच वाढत जाते. डॉक्टरांसमोर "फार सुजतं हो" म्हणण्यापेक्षा हे आकडे ठेवलेले बरे.

गरोदरपणात तर पाटाला पूरच येतो. अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, पोटाच्या भारानं जांघेतल्या नसा दबतात. संध्याकाळी घोटे सुजणं आणि सकाळी उतरणं हे बहुतेकींना होतं. पण तोंड आणि हात सुजले, डोकं ठणकतं आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटाच्या वरच्या भागात दुखतं, तर ती साधी सूज नाही. रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर असेल तर बाई आणि बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न आहे. आशाताईला उठवा, 102 किंवा 108 ला फोन करा. सकाळची वाट बघू नका. सासूबाईंनी "आम्हालाही सुजायचं" म्हटलं तरी थांबू नका. त्यांनाही घेऊन चला.

आणखी एक हार्मोन थायरॉइडचं. ते कमी पडलं की तोंड फुगल्यासारखं दिसतं, कातडी कोरडी पडते, थंडी फार वाजते, शौचाला खडा होतो, पाळीत अंगावरून जास्त जातं, बाई दिवसभर मरगळलेली असते. पायही जाड होतात, पण दाबलं तर खड्डा पडत नाही. हे साध्या रक्ततपासणीत कळतं आणि रोजच्या गोळीनं आटोक्यात राहतं. म्हणून आम्ही म्हणतो, पायाची तक्रार घेऊन गेलात की थायरॉइड तपासायला सांगा. रक्त कमी असणं, मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार यांनीही पाय सुजतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, अ‍ॅम्लोडिपिननं तर बऱ्याच जणींचे घोटे सुजतात. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

पाणी काढायच्या गोळीबद्दलही बोलायला हवं. पाय सुजला की काही ठिकाणी लगेच लघवी जास्त होण्याची गोळी हातात देतात. हृदय-मूत्रपिंडाच्या सुजेत तिचं काम आहे. लिम्फिडिमात तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथल्या पाण्यात प्रथिनं असतात, ती मागंच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. लिपिडिमात तर काढायला पाणीच नसतं. आमच्या ओळखीच्या एक बाई अशी गोळी वर्षभर मनानंच घेत राहिल्या. पायात पेटके आणि अशक्तपणा आला, पाय तेवढाच राहिला. आणि बाजारात पुडीत बांधून मिळणारी 'ताकदीची' औषधं त्याहून वाईट. त्यांत कित्येकदा स्टिरॉइड असतं. तेही एक हार्मोनच, तोंड आणि पोट फुगवणारं.

मग करायचं काय? लिम्फिडिमात रोजची निगा हाच अर्धा उपचार आहे. रोवणीच्या दिवसांत आपण सकाळपासून चिखलात उभ्या असतो. बोटांच्या बेचक्या कुजतात, तिथून जंतू शिरतात, आणि मग पाय लाल होतो, तापतो, थंडी वाजून ताप येतो. असा प्रत्येक झटका पायाची सूज आणखी वाढवून जातो. म्हणून घरी आल्यावर स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं पाय धुवा, प्रत्येक बेचकी हलक्या हातानं, मऊ कापडानं कोरडी करा, चिरा असतील तर दवाखान्यातलं मलम लावा. हत्तीरोगाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं साहित्य सरकारी दवाखान्यातून मोफत देतात, मागून घ्या. बसताना पाय वर ठेवा, घोटा वरखाली आणि गोल फिरवा, म्हणजे पोटरीचा पंप चालेल. पट्टी किंवा घट्ट मोजा वापरायचा तो दाखवून आणि शिकून घेतल्यावरच. लाल पाय, ताप असा झटका आला असेल तर चोळू नका, व्यायाम थांबवा, पाय उंचावर ठेवा, गार पाण्याची पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लिपिडिमातही चालणं, सायकल, पोटरीचे व्यायाम, घट्ट मोजे यांनी दुखणं आणि जडपणा कमी होतो. वजन आटोक्यात ठेवायचं ते अंगातली बाकीची चरबी वाढू नये आणि गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून. पाय बारीक होतील या आशेनं नव्हे. मोठ्या शहरांत काही बायकांची ही चरबी ऑपरेशननं ओढून काढतात, पण ते खर्चाचं काम आहे आणि सगळ्यांना लागत नाही.

हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल गावागावात एक अफवा फिरते, की त्या खाल्ल्या की पाळी बिघडते, मूल राहत नाही. मोहिमेत गरोदर बाईला गोळी देत नाहीत, त्यावरून कोणीतरी हा अर्थ काढला असावा. या गोळ्या जंतू मारणाऱ्या आहेत, त्यांत हार्मोन नाही. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस यांना खबरदारी म्हणून वगळतात, बाकी सगळ्यांनी घ्यायच्या. नागपूर जिल्ह्यात 2019 पासून दोनऐवजी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. उपाशीपोटी घेऊ नका. घेतल्यावर थोडा ताप, चक्कर, मळमळ झाली तर रक्तातले जंतू मरताना बहुधा तसं होतं, एक-दोन दिवसांत थांबतं. ज्याला काहीच त्रास नाही त्यानंही घ्यायची असते, कारण जंतू अंगात असूनही वर्षानुवर्षं पाय सुजत नाही.

शेवटी एका श्रोत्या ताईंच्या चिठ्ठीचं उत्तर. त्या विचारतात, "माझे पाय दोन्ही जाड आहेत, दुखतात. मी माला-एन घेते. ती हार्मोनची आहे म्हणतात, तर बंद करू का?"

ताई, माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीची हार्मोन असतात, हे खरं. हार्मोनची गोळी सुरू केल्यावर पाय वाढले असं लिपिडिमाच्या काही बायका सांगतात, पण गोळीमुळेच वाढले असं ठरलेलं नाही. मधेच मनानं बंद केलीत तर नको असताना दिवस राहतील, आणि त्याचा भार पायांवर गोळीपेक्षा जास्त पडेल. नर्सताईंना विचारा. तांबीत हार्मोन नसतं. छाया गोळीही या जातीची हार्मोनची गोळी नाही. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, पण त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन आहे आणि काहींचं वजन त्यानं वाढतं. कॅन्सरनंतर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या मैत्रिणींनी मात्र सुजेसाठी त्या कधीच स्वतःहून सोडू नयेत.

एक धोका मात्र नीट ऐकून ठेवा. माला-एन चालू असताना, किंवा गरोदरपणात, किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर नसेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. अशा पायाला तेल लावून चोळायचं नाही, त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जायचं. दम लागला, छातीत दुखलं तर लगेच 108. तुमचे दोन्ही पाय वर्षानुवर्षं सारखे जाड आहेत, तेव्हा तुमचं बहुधा तसं नाही. तरी गोळी कोणत्या महिन्यात सुरू केली ते आणि पायांची मापं वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.